पायदळ ते तूरडाळ

आमच्या दुकानात मसूर मागितली तर ती लगेच मिळत नाही. आधी शत्रूचं ठाणं दाखवावं तसं तिचं ठिकाण दाखवलं जातं.

"समोर बघा," अण्णा म्हणतो. टाचा जुळलेल्या, छाती पुढं, हातात दोन फुटी वेताची काठी. "समोर गुळाची ढेप. दिसली? ढेपेच्या उजवीकडं चार बोटं, उघडं पोतं. त्याच्या मागं, आडोशाला... मसूर!"

गंगव्वा नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक आहे. ती एवढं सगळं शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "मदलु ब्याळी कोडप्पा, युद्ध आम्याले माडु." म्हणजे, आधी डाळ दे बाबा, युद्ध नंतर कर. मग स्वतःच आत येऊन पोत्यात माप घालते. ठाणं काबीज.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तात्रय. जुन्या हुबळीत आमचं चार पिढ्यांचं धान्याचं दुकान आहे. पणजोबा तासगावाकडून आले आणि इथल्या बाजारात पोत्यांमध्ये जे बसले ते बसलेच. अण्णा वर्षातले दहा महिने या दुकानाचा अर्धा मालक असतो आणि दोन महिने राखीव फौजेत कॅप्टन. अशी सोय आहे आपल्याकडं. आपापला धंदा-नोकरी सांभाळायची, वर्षातून दोन महिने वर्दी चढवून सराव करायचा, आणि बोलावणं आलं की हजर व्हायचं. लोकांना हे चटकन कळत नाही. "म्हणजे रात्री शिट्टी वाजवत फिरतात ते का हो?" असं कुणी विचारलं की अण्णाचे कान लाल होतात.

दुकानाचा दुसरा अर्धा मालक मी. बाळू. चौदा वर्षांपूर्वी त्या फौजेच्या निवडीला अण्णाबरोबर मीही गेलो होतो, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. दोराला लोंबकळून चिखलाचा खड्डा ओलांडायचा होता. मी लोंबकळलो. ओलांडायचं राहिलं. बराच वेळ मी खड्ड्याच्या मधोमध घंटेसारखा हलत होतो, आणि खाली उभा असलेला सुभेदार मोठ्या सहानुभूतीनं म्हणत होता, "छोड़ दो बेटा, छोड़ दो." मी सोडला. तरी मुलाखतीला बसवलं; अंगावरचा चिखल वाळवतच मी आत गेलो. "फौजेत का यायचं आहे?" असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, "अण्णा येतोय म्हणून." अण्णा आत गेला आणि मी घरी आलो.

अण्णाला मात्र कारण होतं. शाळेत त्याला सगळे 'ब्याळी' म्हणायचे. डाळवाल्याचा पोरगा म्हणून ब्याळी. मलाही म्हणायचे, पण मला ते आवडायचं. निदान कुणीतरी हाक मारतंय. अण्णाला ते फार लागलं. वर्दी अंगावर आल्यापासून डाळ, तांदूळ, गूळ या गोष्टींकडं तो वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेनं बघू लागला. फौजेत पायदळ हेच काय ते खरं, असं त्याचं मत. "पायदळ चालतं रे बाळ्या. बाकीचे मागनं डबा घेऊन येतात." रसद विभागाला, म्हणजे फौजेला शिधा पुरवणाऱ्यांना, तो 'पोटदळ' म्हणायचा. हा शब्द त्यानं स्वतः केला होता, आणि गिऱ्हाईक हसलं नाही तर तो परत सांगायचा.

या सगळ्याबद्दल एकच माणूस कधी काही बोलला नाही. आमचे अप्पा. वडील. वय अठ्ठ्याहत्तर, सकाळी आठला गादीवर बसणार ते एक वाजता उठणार. अण्णाच्या खांद्यावर पहिल्यांदा तारे लागले त्या समारंभाला अप्पा गेले नाहीत. "गुळाची गाडी यायची आहे," म्हणाले. त्यानंतर अण्णा दरवर्षी दोन महिन्यांनी परत यायचा, काळवंडलेला, गालफडं बसलेली. पाया पडायचा. अप्पा म्हणायचे, "आलास? पोती उतरवून घे." कुठं होतास, काय केलंस, कधी एक शब्द नाही. मग अण्णा आपल्या मोहिमा गंगव्वाला सांगायचा. गंगव्वा तांदूळ निवडत "हौदा, हौदा", म्हणजे हो का, हो का, करायची.

आता गुडघ्याचं सांगतो. डोंगर चढून, पाठीवर ओझं घेऊन कोसच्या कोस चालून चौदा वर्षं जो गुडघा टिकला, तो आमच्याच गोदामाच्या पायरीवर गेला. पायरीवर काकवी सांडली होती. कुणी सांडली होती, हे तपासायची गरज नाही. मीच. पुसायला फडकं आणायला गेलो होतो, वाटेत कुणीतरी चहा विचारला. तेवढ्यात आतून 'धप्' असा आवाज आला आणि पाठोपाठ हिंदीत शिव्या. अण्णा कळवळला की हिंदीत जातो.

धारवाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. छान केलं. चालता यायला लागलं, जिना चढता यायला लागलं. पण फौजेच्या वैद्यकीय मंडळानं गुडघा वाकवून बघितला, सरळ करून बघितला, आणि कागदावर लिहिलं, की पायदळाच्या कामाला हा अधिकारी आता योग्य नाही. दोन पर्याय होते. सन्मानानं निरोप घ्यायचा, नाहीतर विभाग बदलून घ्यायचा. जागा एकाच विभागात होती.

तो कागद अण्णानं मला गोदामात, तूरडाळीच्या थप्पीला टेकून वाचून दाखवला. वाचताना शेवटच्या शब्दापाशी थांबला.

"रसद," तो म्हणाला.

मी शेजारचं पोतं उगाच नीट करू लागलो. काकवी सांडणाऱ्या माणसानं अशा वेळी बोलू नये.

"चौदा वर्षं पळालो बाळ्या. आणि पोचलो कुठं? गोदामात."

"मग सोड की," मी म्हटलं. "पुष्कळ झालं. आता घरीच..."

"घरी काय आहे?" तो म्हणाला. रागानं नाही, अगदी साधं विचारल्यासारखं. "दहा महिने त्या गादीवर अप्पांच्या शेजारी बसतो मी. ते पेपर वाचतात, मी रस्ता बघतो. एक वाजला की ते उठतात. तिथं निदान सकाळी चार माणसं म्हणतात, साब, रात को नींद आई? मला तेवढं पुरतं."

मला वाटायचं अण्णा बंदुकीसाठी जातो. चौदा वर्षं माझा तोच समज होता. सख्खा भाऊ म्हणून माझी नजर किती तीक्ष्ण आहे बघा.

त्यानं अर्ज भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, 'या विभागासंबंधी पूर्वानुभव'. अण्णानं तिथं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

"अरे, दुकान लिही की," मी म्हटलं.

"दुकानाचा संबंध नाही."

अर्ज इंग्रजीत टाइप करून आणायला मी कोप्पीकर रोडवर गेलो. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं, दोनदा. टाइप करणारा म्हणाला, "या रकान्यात नुसतं 'निल'च टाकायचं का?" तेव्हा माझ्यातला अपराधी भाऊ आणि इंग्रजीचा विद्यार्थी एकदमच जागे झाले. मी सांगितलं, लिहा: चार पिढ्यांचा धान्याचा व्यापार, अर्जदार 'बॉर्न अँड ब्रॉट अप इन पल्सेस', म्हणजे डाळींतच जन्मलेला आणि वाढलेला. हे वाक्य मला अजूनही आवडतं. अण्णानं न वाचता सही केली.

मुलाखत बेळगावला झाली. तिथं जे घडलं ते अण्णानं आल्यावर चार दिवसांनी सांगितलं, कारण चार दिवस तो माझ्याशी बोलतच नव्हता. समोर एक कर्नल बसलेले. त्यांनी माझं वाक्य मोठ्यांदा वाचलं, चष्मा काढला, परत लावला, आणि खूश होऊन घंटी वाजवली. दोन वाट्यांत तूरडाळ आली.

"कॅप्टन, इसमें पुरानी कौन-सी है?"

अण्णानं वाट्यांकडं बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. पिवळं आणि पिवळं. चार पिढ्या मागं उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीलाही त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. "पता नहीं, साहब," तो म्हणाला.

"तो पल्सेस में आप करते क्या थे?"

कर्नल माणूस बरा होता. त्यांनी तीन महिने दिले. पुढच्या मंडळापुढं तयारी करून या, नाही जमलं तर निरोप घ्या.

पाचव्या दिवशी सकाळी अण्णा गादीसमोर जाऊन उभा राहिला. टाचा जुळवून. अप्पा पेपर वाचत होते. मी पोत्यांमागं हरभरा चाळत होतो; खरं म्हणजे चाळणी नुसतीच हलवत होतो.

"अप्पा, एक विनंती आहे."

"बोल."

"मला डाळ शिकवा."

पेपर खाली आला नाही. एक पान उलटलं गेलं. मग पेपरमागून आवाज आला, "चप्पल काढ. काठी ठेव. आणि जरा सैल उभा राहा, दुकान आहे हे."

त्या तीन महिन्यांत मी जे बघितलं ते कुठल्याही फौजेत चालू शकलं असतं. अप्पांनी त्याला आधी आठ दिवस गोदाम झाडायला लावलं. "कुठलं पोतं भिंतीला टेकलंय ते झाडताना कळतं. टेकलेल्यात ओल येते." मग चाखायला. "बघू नकोस, चाव! डोळ्याला काय कळतंय? दाढेखाली 'टक्' झालं पाहिजे. 'मच्' झालं तर परत." अण्णा चावायचा. "काय झालं?" "टक्, अप्पा." "खोटं बोलतोस. परत चाव." माझ्या थोरल्या भावाचा, एका कॅप्टनचा, जबडा संध्याकाळपर्यंत दुखून यायचा आणि वहिनी त्याला मऊ भात कालवून द्यायची.

मी बावीस वर्षं त्याच दुकानात होतो. मला अप्पांनी यातलं काही शिकवलं नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तू कधी विचारलंस?" खरं होतं. मी फक्त विकत होतो.

माझ्या या ज्ञानाचा पुरावा लौकरच मिळाला. धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्याच्या कँटीनला आमच्याकडून डाळ जायची. अण्णाच्या ऑपरेशनच्या गडबडीत ती खरेदी मी केली होती. तिथला आचारी शिवप्पा फोनवर म्हणाला, "नीवु कोट्ट ब्याळी बेयंगिल्लरी." तुम्ही दिलेली डाळ शिजत नाही. मी म्हटलं, पाणी बदला. तो म्हणाला, व्यापारी बदलतो.

अप्पांनी अण्णाला सांगितलं, "जा. चुलीपाशी उभा राहा. शिजेपर्यंत यायचं नाही." टेंपोतून मीही गेलो. गुन्हेगार हजर असलेला बरा.

दीड तास भट्टी चालू होती. डाळ पाण्यात फिरत होती, पण विरघळायचं नाव घेईना. मी शिवप्पाला खायचा सोडा सुचवला, त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन पाण्याची टाकी बघत बसलो. मग जेवणाची घंटा झाली. कामगार ताटं घेऊन रांगेत आले. हात तेलानं काळे, कपाळावर घाम. त्यांना अर्धा तास सुट्टी. डाळ अजून कचकचीत. शिवप्पानं हात वर केले. ते बिचारे भांडले नाहीत, कोरड्या भातावर लोणचं घेतलं, खाल्लं, आणि घंटा झाल्यावर परत कामावर गेले. अण्णा कढईशेजारी उभा राहून त्या ताटांकडं बघत होता. हातातला डाव त्यानं खाली ठेवलाच नाही.

परतताना टेंपोत तो मागं पडणाऱ्या कारखान्याकडं वळून बघत होता. मग म्हणाला, "एकदा आम्ही अठ्ठावीस किलोमीटर चालून आलो होतो. पुढं ताट आलं, डाळ कच्ची. माझा एक नाईक होता, नुसता ताटाकडं बघून रडला रे. एवढा दांडगा माणूस. मी हसलो होतो त्याला." थोड्या वेळानं म्हणाला, "नवं पोतं आज संध्याकाळच्या आत बेलूरला गेलं पाहिजे. मी स्वतः चावून देतो."

त्या दिवसानंतर 'पोटदळ' हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. मी एकदा विनोद म्हणून वापरला, तर म्हणाला, "तोंड सांभाळ."

दुसऱ्या वेळी कर्नलनी तीन वाट्या ठेवल्या. अण्णानं डोळे मिटून तिन्ही चावल्या. पहिली नवी, दुसरी गेल्या सालची, आणि तिसरी, "साहब, यह हमारी दुकान में आती तो उसी गाड़ी में वापस जाती." ती तिसरी कर्नलच्या घरची होती, असं अण्णा सांगतो. यातलं किती खरं ते कर्नलच्या मंडळींना माहीत.

विभाग बदलला. टोपीवरचा बिल्ला बदलला. टोपी हातात घेऊन अण्णा आरशासमोर बराच वेळ उभा होता; वहिनीनं विचारलं, "वाईट वाटतंय?" तर म्हणाला, "वाटतंय की. चौदा वर्षं होता तो डोक्यावर." मग घातली आणि पहिल्या शिबिराला गेला.

दहाव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, दुकानाच्या फोनवर अण्णा. मी म्हटलं, "काय रे, कसं..." तो म्हणाला, "अप्पांना दे." चौदा वर्षांत हे दोन शब्द मी त्याच्याकडून ऐकले नव्हते. मी फोन गादीवर दिला. अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळं मी चोरून ऐकलं असं म्हणता येणार नाही.

"अप्पा, माल आलाय. दाढेखाली टक् होतंय, पण मन घेत नाही. पुरवठा करणारा म्हणतोय, तुम्ही पायदळातले, तुम्हाला काय कळतंय."

"वास?"

"वास फोनवरून कसा देऊ?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. "मूठ भरून घे. फोनजवळ हलव."

फोनमधून खुळखुळ आली. अप्पांनी डोळे मिटले. समोर गंगव्वा पिशवी उघडून उभी होती, तिला हातानंच थांबवलं. "परत." परत खुळखुळ. "वरवर वाळवलीय. उन्हात टाकून आणलीय. आत ओल आहे. पोत्याच्या तळात हात घाल."

फोनमधून पोतं सरकवल्याची खसखस आली. मग अण्णाचा आवाज, "हो अप्पा. तळाशी ओली आहे. दमट लागतीय."

"परत पाठव," अप्पा म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी घाईनं म्हणाले, "तू जेवलास?"

त्या दिवशी एक वाजला तरी अप्पा उठले नाहीत. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "अप्पा, इतकी वर्षं तुम्ही त्याला कधी काही विचारलं कसं नाही हो? तिथं काय करतोस म्हणून?"

अप्पांनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. "विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं," ते म्हणाले. "आणि सांगितलं असतं, तर पुढच्या वर्षी तो गेल्यावर दोन महिने मला ते डोळ्यापुढं दिसत राहिलं असतं. एवढी छाती नाही माझी."

मी हरभरा चाळायला लागलो. या वेळी चाळणीत हरभरा होता की नाही, आठवत नाही.

अण्णा शिबिराहून परत आला तो बाराच्या सुमारास. थेट स्टेशनवरून दुकानात. नेहमीसारखा काळवंडलेला, मात्र गालफडं या वेळी भरलेली. पोटाच्या खात्याचा गुण असावा. पाया पडला आणि सवयीनं पोती उतरवायला बाह्या सारू लागला.

"ते बाळू करील," अप्पा म्हणाले. त्यांनी गादीवरचा पेपर उचलून पलीकडं ठेवला आणि तिथं जागा केली. "बस. काय काय झालं तिथं?"

अण्णा बसला. ज्या माणसानं सबंध जुन्या हुबळीला चौदा वर्षं आपल्या मोहिमा ऐकवल्या, त्याला सुरुवात सापडेना. टोपी काढून मांडीवर ठेवली. "पहिल्या दिवशी..." तो म्हणाला, "पहिल्या दिवशी भात करपला, अप्पा."

"किती माणसांचा?" अप्पांनी विचारलं आणि त्याच्याकडं सरकून बसले.

मी बाहेर फळीवर येऊन उभा राहिलो. गिऱ्हाइकं येत होती. मी सगळ्यांना सांगितलं, संध्याकाळी या, आता डाळ नाही, तांदूळ नाही, काहीच नाही. मागं पोती छतापर्यंत रचलेली दिसत होती. एकानं ती दाखवली, तर मी म्हटलं, ती नुसती पोती आहेत. चार पिढ्यांत आमच्या दारातून गिऱ्हाईक परत गेलं नव्हतं. त्या दिवशी मी सात परत पाठवली.